कुलगुरू साहेब, चिलटांसाठी एक खोली द्या

प्रति,
राज्यातल्या सगळ्या अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू, आणि झूलॉजी, बायोटेक, लाइफ सायन्सेसच्या अभ्यास मंडळांवरचे सर आणि मॅडम

सप्रेम नमस्कार,

मी विदर्भातल्या एका अनुदानित कॉलेजात झूलॉजी शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उद्या प्राचार्यांना फोन जायचा आणि मग मला केबिनमध्ये बोलावणं यायचं, आणि तसंही हे एका कॉलेजचं रडगाणं नाहीये. तुमच्याकडे येणारी पत्रं शेवटपर्यंत किती वाचली जातात ते मला माहितीय, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. प्रत्येक विद्यापीठाच्या झूलॉजी किंवा जेनेटिक्स विभागात ड्रोसोफिलाची एक कायमची खोली हवी. ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना ती चिलटं, तीच. एक खोली, तिच्यात वर्षभर पंचवीस डिग्री टिकेल अशी सोय, एक पगारी माणूस, आणि दरवर्षी हात न पसरता मिळणारे थोडे पैसे. बास. सेंटर ऑफ एक्सलन्स नको, उद्घाटन नको, कोनशिला तर अजिबात नको.

आत्ताच का लिहितेय, तर एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे. पदवीला चौथं वर्ष आलंय आणि पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के मिळवलेल्या पोरांना 'ऑनर्स विथ रिसर्च' करता येणार आहे. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला आम्ही रिसर्च प्रोजेक्ट द्यायचाय. कसला? जेनेटिक्समध्ये करायचाय असं म्हणणाऱ्या मुली भरपूर असतात, दरवर्षी असतात, आणि आम्ही त्यांना काय देतो ते तुम्हालाही माहितीय आणि मलाही. अमुक झाडाचं आरएपीडी, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे पाडून ताडून बघणं. तमुक माशाचं डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं, ज्यात सॅम्पल कुरिअरने कंपनीला जातं आणि सिक्वेन्स ईमेलने येतो. आणि हल्ली तर काय, मॉलिक्युलर डॉकिंग, त्याला लॅबच लागत नाही, मोबाइल हॉटस्पॉटवर होतं. हळदीतलं एक द्रव्य घ्यायचं, एक प्रोटीन घ्यायचं, सॉफ्टवेअर सांगतं की चिकटतंय छान, झाला प्रोजेक्ट. स्पायरल बाइंडिंग करा.

यातलं काहीही वाईट नाही हो, बारकोडिंग नीट केलं तर फार उपयोगाचं आहे, पण यात जीन काय करतो ते कुठे दिसतं? जेलवर बँड आला म्हणजे डीएनएचा तुकडा तिथे आहे एवढंच कळलं. त्या तुकड्याने पाय पायासारखा का होतो, डोळा डोक्यावरच का येतो, हा जीन बिघडला तर शरीराचं नेमकं काय बिघडतं, हा जो जेनेटिक्सचा खरा प्रश्न आहे तो आमच्या पोरांना बीएस्सी, एमएस्सी होऊन, सेट-नेट काढूनसुद्धा एकदाही हाताने विचारायला मिळत नाही. हे मला खटकतं आणि गेली कित्येक वर्षं खटकतंय.

मशिनचं तर विचारूच नका. मार्च एंडला ग्रँट संपवायची म्हणून डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशिन येतं, डेमोला कंपनीचा माणूस येतो, पेढे होतात, फोटो होतात. पुढच्या वर्षी प्रायमर आणि टॅक, म्हणजे त्यात घालायचा माल, घ्यायला पैसे नसतात कारण ती ग्रँट 'इक्विपमेंट'ची होती, कन्टिन्जन्सीची, म्हणजे किरकोळ चालू खर्चाची, नव्हती. मग मशिनवर कव्हर. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम आली की कव्हर निघतं, टीम गेली की परत कव्हर. मी पाहिलेल्या एका विभागात त्या कव्हरवर एका मॅडमनी छान भरतकाम केलेलं होतं, खोटं नाही सांगत.

आता चिलटांकडे येते.

१९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन या शास्त्रज्ञांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये, म्हणजे या चिलटांमध्येच, एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. हे पाठ्यपुस्तकात आहेच. पुस्तकात जे ठसत नाही ते हे, की ती लॅब म्हणजे एक छोटीशी गच्च भरलेली खोली होती, दुधाच्या बाटल्या, केळी आणि भिंगं एवढंच सामान, आणि क्रोमोसोमवर जीन्स कुठल्या क्रमाने आहेत याचा जगातला पहिला नकाशा तिथे स्टर्टेव्हंट नावाच्या पोराने काढला तेव्हा तो पदवीसुद्धा झालेला नव्हता. एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजचा होमवर्क बाजूला टाकून एका रात्रीत काढला म्हणतात. म्हणजे आमच्या टीवायबीएस्सीच्या वयाचा. मॉर्गनना त्या माश्यांवर १९३३ चं नोबेल मिळालं, मग मलरना १९४६ ला, मग १९९५, २०११, २०१७. दर वेळी कामाच्या मुळाशी हीच चिलटं.

आणि आमच्याकडे तोच पांढऱ्या डोळ्यांचा क्रॉस, म्हणजे ठरवून लावलेली नर-मादीची जोडी, चार्टवर शिकवला जातो. चार्ट लॅमिनेट केलेला आहे, मागच्या पिढीतल्या सरांनी करून ठेवलाय. जर्नलमध्ये एफ-टूचा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, रेशो कसा येतो तर एकदम तीनास एक, ७५ आणि २५, एकही माशी इकडची तिकडे नाही, कारण सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेला असतो आणि सीनियरने त्याच्या सीनियरच्या. खऱ्या माश्या मोजल्या तर ७५ आणि २५ सहसा येत नाहीत, ७१ आणि २९ येतात, ८२ आणि १८ येतात, मग काय-स्क्वेअर ही चाचणी, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा आहे का ते तपासणं, का करायची ते आपोआप समजतं. एक्स्टर्नल परीक्षक म्हणून मी ज्या ज्या ठिकाणी गेलेय तिथे परफेक्ट आकडे दिसले की मी पुढचा प्रश्न विचारते, व्हर्जिन मादी कशी ओळखलीस? ज्याने हाताने केलंय तो लगेच सांगतो, नुकतीच कोशातून निघालेली मादी फिकट असते आणि पोटाच्या खालच्या बाजूला आतून एक काळपट ठिपका दिसतो, पंचवीस डिग्रीला पहिल्या आठेक तासांतच तिला वेगळी काढायची नाहीतर क्रॉस वाया. ज्याने चार्ट उतरवलाय तो छताकडे बघतो. चूक त्या पोराची नाहीये.

आमच्या कॉलेजात आम्ही थोड्या माश्या ठेवतो, आमच्या आमच्या खटपटीने. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर, बुरशी लागू नये म्हणून प्रोपिओनिक ॲसिड आणि निपाजिन. आता यातल्या गुळाची गंमत ऐका. गूळ किराणा दुकानातून येतो, त्याचं बिल लावलं की अकाउंट्समधून शेरा येतो, 'सदर बाब खाद्यपदार्थ असून खुलासा करावा'. मी खुलासा लिहिला की माश्या खातात. त्यावर परत शेरा, की माश्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टेबल-खुर्च्यांच्या यादीत, नोंदवल्यात का. डेडस्टॉक! जिवंत आहेत हो. आता मी गुळाचे पैसे खिशातून घालते, कमी डोकेदुखी.

खरं दुखणं उन्हाळ्याचं आहे. ही जी लॅबमधली जात आहे, मेलॅनोगॅस्टर, तिला पंचवीसच्या आसपास सुखाचं वाटतं, दहा दिवसांत अंड्यापासून माशी होते. तीसच्या आसपास गेलं की नर वांझ व्हायला लागतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतं, बंद खोलीत रात्रीसुद्धा तीस-बत्तीसच्या खाली येत नाही, त्यात लोडशेडिंग, त्यात सुट्ट्या आणि लॅब असिस्टंटची जागा रिकामी. जूनमध्ये कॉलेज उघडलं की व्हायल्समध्ये, म्हणजे माश्यांच्या छोट्या बाटल्यांत, सुकलेलं मीडियम, म्हणजे त्यांचं खाणं, आणि तळाशी काळा कचरा. मग जुलैत परत कुणाकडून तरी माश्यांचा स्टॉक मागा. हे चक्र दरवर्षी चालतं.

पण ह्याच उन्हाने आम्हाला एक गोष्ट दाखवली आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. व्हेस्टिजियल म्हणून एक म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेला माशीचा प्रकार, आहे, प्रत्येक पुस्तकात असतो, पंखांच्या जागी नुसती खुरटी टोकं, उडता येत नाही, म्हणून बीएस्सीला सोयीचा. एका वर्षी एप्रिलमध्ये एक मुलगी बाटली घेऊन आली, म्हणाली मॅडम स्टॉक खराब झाला, दुसऱ्या माश्या घुसल्या, बघा पंख आलेत. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पंख पूर्ण नव्हते, कडा कुरतडल्यासारख्या, पट्टीसारखे लांबट, कुणाचे मोठे कुणाचे लहान, पण खुरटी टोकं नक्कीच नाहीत. स्टॉक खराब नव्हता झाला. व्हेस्टिजियल अळ्यांना तिशीच्या आसपास वाढवलं तर पंख मोठे येतात, ही गोष्ट जवळपास शंभर वर्षांपासून माहीत आहे. जीन तोच, बिघाड तोच, आईबाप तेच, आणि खोली गरम झाली तर शरीर वेगळं. त्या मुलीने मग अर्ध्या बाटल्या स्टाफरूमच्या एसीत ठेवल्या आणि अर्ध्या लॅबमध्ये, पंख मोजले, ग्राफ काढला, स्टाफरूममध्ये माश्या नकोत म्हणून मराठीच्या सरांशी तिचं भांडण झालं ते वेगळं. जीन म्हणजे ब्लूप्रिंट, जीनमध्ये सगळं लिहिलेलं असतं, हे जे आपण वर्गात घोकून घेतो ते तिच्या डोक्यातून एका महिन्यात गेलं. माझ्या दहा लेक्चर्सनी गेलं नसतं.

आणि हा व्हेस्टिजियल जीन म्हणजे काही पंखाची वीट नाही, तो पंख बनवायचा निर्णय घेणाऱ्यांपैकी आहे. भलत्या ठिकाणी, म्हणजे पायाच्या किंवा डोळ्याच्या पेशींत तो चालू केला तर तिथे पंखाचा टिश्यू यायला लागतो. अशा जीन्सना हात घातला की शरीर कसं घडतं ते दिसायला लागतं.

उन्हाचीच दुसरी गोष्ट. १९६० च्या सुमाराला इटलीत रिटोसा म्हणून संशोधक ड्रोसोफिलाच्या लाळग्रंथीतले क्रोमोसोम बघत होते. अळीच्या लाळग्रंथीत क्रोमोसोम अवाढव्य असतात, साध्या मायक्रोस्कोपखाली पट्टे दिसतात, जिथे जीन कामाला लागतो तिथे क्रोमोसोम फुगतो, त्याला पफ म्हणतात. लॅबमधल्या कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि रिटोसांना भलत्याच जागी नवे पफ दिसले. उष्णतेने ठरावीक जीन्स चालू होतात हे जगाला तिथून कळलं, १९६२ साली छापून आलं, तेही एका मोठ्या जर्नलने परत पाठवल्यावर. आज हीट शॉक प्रोटीन्सवर, म्हणजे उष्णतेच्या तडाख्यात पेशी बनवते त्या प्रोटीन्सवर, अख्खं शास्त्र उभं आहे.

आणि यात आपला माणूस आहे, तो आपल्या पुस्तकात का नाही हे मला कळत नाही. बनारस हिंदू विद्यापीठाच्या झूलॉजी विभागात प्रा. लाखोटियांनी अनेक दशकं त्यातल्याच एका पफवर काम केलं, ९३डी नावाची जागा. गंमत म्हणजे हा जीन उष्णतेने जोरात चालू होतो पण त्यापासून प्रोटीन बनत नाही, नुसताच आरएनए. तेव्हा लोकांना वाटायचं प्रोटीन नाही तर मग याचा उपयोग काय. आज नॉन-कोडिंग आरएनए म्हटलं की जगभरात लॅब धावतात. हे काम कुठे झालं बघा. विद्यापीठाच्या झूलॉजी विभागात. टीचिंग करत, परीक्षा घेत, पीएचडीची पोरं सांभाळत.

आता मला सांगा, याचं प्रॅक्टिकल करायला काय लागतं? तिसऱ्या अवस्थेतली अळी, जी बाटलीच्या काचेवर चढायला लागलेली असते, लठ्ठ. थोड्या अळ्या ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये अर्धा-पाऊण तास, थोड्या तशाच. सलाइनच्या थेंबात अळी ठेवायची, एका सुईने अंग धरायचं, दुसरीने तोंडाचे काळे हुक धरून ओढायचं, पारदर्शक दोन पिशव्या बाहेर येतात, त्याला चिकटलेली चरबी काढायची. ॲसिटो-ऑर्सिनचा रंग, कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्याने दाबायचं, सरकू न देता, हे सरकू न देणं शिकायलाच पोरांचे चार तास जातात. मग हाय पॉवरवर बघायचं. गरम केलेल्या अळीत फुगवटा आहे, दुसरीत तिथे नाही. जीन चालू होताना डोळ्यांनी दिसतो, पीसीआर नाही, सिक्वेन्सर नाही, वॉटर बाथ आणि टिपकागद. पहिल्यांदा दिसतं तेव्हा पोरं एकमेकांना ढकलून आयपीसला डोळा लावतात. मला या प्रॅक्टिकलचं वेड आहे हे मान्य, पण ते वेड लागण्यासारखंच आहे.

आता मोठ्या प्रश्नाकडे, म्हणजे शरीराचा आराखडा. माशीला दोन पंख असतात आणि त्यांच्या मागे दोन छोट्या दांड्या, हॉल्टिअर, तोल सांभाळायला. अल्ट्राबायथोरॅक्स नावाचा एक जीन तिथे सांगत असतो की इथे पंख करू नका, दांडी करा. तो तिथे गप्प केला तर दांडीच्या जागी पंखाची आणखी एक जोडी येते, चार पंखांची माशी. कॅल्टेकमध्ये एड लुईस यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं या एका भानगडीवर घालवली. १९९५ चं नोबेल त्यांना आणि न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांना विभागून मिळालं, त्या दोघांनी हायडेलबर्गमध्ये हजारो म्युटंट अळ्या एकेक करून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या होत्या, कुणाचे पट्टे गायब, कुणाची शेपटाकडची बाजू डोक्याकडे. त्यातल्या एका काटेरी अळीवरून हेजहॉग जीनचं नाव पडलं, आणि त्याचेच भाऊबंद माणसाच्या गर्भात मेंदूची डावी-उजवी बाजू नीट पडायला लागतात. अल्ट्राबायथोरॅक्सच्या घराण्यातले जीन्स, हॉक्स जीन्स, तुमच्या माझ्या अंगातही आहेत, त्यातला एक, हॉक्सडी-१३, बिघडला की बोटं जोडलेली आणि जास्तीची येतात.

आणि हे काम पुण्यातसुद्धा झालंय. एल. एस. शशिधरांच्या लॅबने, आधी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि मग पुण्याच्या आयसरमध्ये, हाच प्रश्न धरला, की हा एक जीन पंखाच्या आख्ख्या कार्यक्रमातले नेमके कोणते स्विच बंद करतो म्हणून दांडी होते, आणि मधमाशीत, रेशमाच्या पतंगात हाच जीन मागच्या पंखाच्या जागी असूनही तिथे पंख का येतो. त्याच्याही आधी, मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दीकींनी १९६२ मध्ये मॉलिक्युलर बायॉलॉजीचं युनिट उभं केलं. पुढे त्यांनी आणि अमेरिकेतल्या सीमोर बेंझर या शास्त्रज्ञांनी अशा माश्या शोधल्या ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि थंड झालं की परत उठतात. व्हेरोनिका रॉड्रिग्जनी मुंबईतच माशीला वास आणि चव कशी कळते त्याचे म्युटंट काढले. आणि पुणे विद्यापीठाच्या झूलॉजी विभागात लीला मुल्हेरकर मॅडमनी एडिंबरोला वॉडिंग्टन या गर्भशास्त्रज्ञांकडे शिकून येऊन कोंबडीच्या गर्भावर काम उभं केलं, त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी पुढे ते नेलं. म्हणजे ही परंपरा आपल्याकडे नाही असं नाही. ती पाच-सहा इमारतींत आहे आणि आमची पोरं त्या इमारतींच्या बाहेर आहेत.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं, की मॅडम हे मोठ्या संस्थांचं काम आहे, आयसर आहे, टीआयएफआर आहे, आपण आपलं लोकल प्रॉब्लेमवर काम करावं. बरं, लोकल घेऊ. सिकल सेल घेऊ, विदर्भात याहून लोकल काय आहे? गडचिरोली, मेळघाट, तिकडे नंदुरबार. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक अक्षर बदललं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलं, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. माझ्या वर्गात दरवर्षी कॅरिअर, म्हणजे एकच बिघडलेला जीन असलेली, मुलं असतात, काहींच्या घरी एसएस, म्हणजे दोन्ही जीन बिघडलेले, पेशंट. आणि पोरंच प्रश्न विचारतात, मॅडम, माझ्या आत्तेभावाला आणि माझ्या बहिणीला दोघांना एसएस आहे, तो वर्षातून चारदा ॲडमिट होतो आणि ती व्यवस्थित नोकरी करते, असं कसं, जीन तर एकच ना? हा प्रश्न व्हेस्टिजियलच्या पंखांचाच आहे. बिघाड तोच आणि शरीर वेगळं. सिकल सेलमध्ये त्याचा मोठा भाग गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही किती शिल्लक राहतं यावर ठरतो, आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटमध्ये ते जास्त असतं, आणि ते बंद ठेवणारा बीसीएल-११ए नावाचा दुसराच जीन आहे. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेली क्रिस्पर, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणारी, थेरपी सिकलच्या जीनला हातच लावत नाही, ती या दुसऱ्या जीनचा रक्तपेशींतला स्विच तोडते. एका जीनवर दुसऱ्या जीनचा अंमल चालतो हे ज्या पोराने माशीत क्रॉस करून पाहिलंय त्याला हे पाच मिनिटांत कळतं. ज्याने डॉकिंग केलंय त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागतं.

आणि हो, माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जीन्सपैकी सुमारे ७५ टक्के जीन्सची जुळणारी आवृत्ती माशीत सापडते, हे मी ग्रँटच्या फॉर्ममध्ये लिहिण्यासाठी तुम्हाला देऊन ठेवते, फॉर्मला असं वाक्य लागतं.

परवानग्यांची भीती घालू नका. साध्या म्युटंट माश्यांना उंदरांसारखी ॲनिमल एथिक्सची फाइल फिरवावी लागत नाही. बाहेरचा जीन घातलेल्या माश्या आणायच्या असतील तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मान्यता लागते, ती घ्यावी, त्यात वावगं काहीच नाही. पण बीएस्सी, एमएस्सीच्या निम्म्या कामाला त्याची गरजच नाहीये.

आता पैशाचं. पीएम-उषा या केंद्राच्या योजनेतून काही विद्यापीठांना शंभर शंभर कोटी मंजूर झालेत, माझ्या मागणीला त्यातल्या एका बाथरूमच्या टाइल्स इतके पैसे पुरतील. तापमान कायम ठेवणारा बीओडी इन्क्युबेटर, चार-सहा स्टिरिओ मायक्रोस्कोप, काचेच्या व्हायल्स, कापूस, आणि इन्व्हर्टर, तो आधी. हे एकदाच. खरा खर्च दरवर्षीचा आहे आणि तिथेच आपली सिस्टीम अडते, कारण आपल्याकडे वस्तू घ्यायला पैसे असतात आणि वस्तू जगवायला नसतात. माश्या दोन-तीन आठवड्यांनी नव्या बाटलीत घालाव्याच लागतात, दिवाळीतही, इलेक्शन ड्युटीतही, मे महिन्यातही. नाही घातल्या तर बुरशी येते नाहीतर माइट्स, म्हणजे बारीक किडे, शिरतात, आणि माइट्स शिरले की मग एक बाटली नाही, सगळा रॅक जातो. म्हणून माणूस पाहिजे, तासिका तत्त्वावरचा नको, जो एप्रिलमध्ये घरी जातो आणि ज्याला जुलैपर्यंत पगार नाही. एक कायम लॅब असिस्टंट. नवीन जागा मंजूर होत नाहीत हे मला माहीत आहे, पण रिकाम्या जागा आहेत ना मंजूर असलेल्या, त्या भरायला सरकारकडे भांडा की, तुमच्या लेटरहेडला आमच्यापेक्षा वजन आहे.

म्हैसूर विद्यापीठाच्या झूलॉजी विभागात ड्रोसोफिलाचं स्टॉक सेंटर आहे, अनेक वर्षांपासून, राज्य विद्यापीठात. त्यांना जमतं. राज्यातल्या कुठल्याही एका विद्यापीठाने पुढाकार घेऊन तसंच एक उभं करावं, थोडं थंड हवेचं ठिकाण असेल तर उत्तम, आणि बाकीच्या विद्यापीठांनी कॉलेजांना तिथून माश्या पुरवाव्यात. आम्हाला दर जुलैत ओळखीपाळखीवर भीक मागावी लागू नये एवढंच.

एक गोष्ट मात्र मी अभ्यास मंडळांना वेगळी सांगते, कारण तिला एक पैसा लागत नाही. प्रॅक्टिकलच्या यादीत जे 'चार्टच्या साहाय्याने' लिहिलेलं आहे ते काढा. काढलं की कॉलेजांना माश्या ठेवाव्याच लागतील, ठेवायला लागल्या की मागणी येईल, मागणी आली की बाकीचं हलेल. उलट क्रमाने आपण बरीच वर्षं करून पाहिलंय. आणि चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या गाइडलाइनमध्ये जिवंत जीवावर स्वतः केलेल्या क्रॉसला वजन द्या, पेपर छापून आला की नाही याला नको. वीस वर्षांच्या पोराने आठ महिन्यांत पेपर छापायचा म्हटलं की तो कुठे छापून येतो ते तुम्हाला ठाऊक आहे, पैसे भरले की आठवड्यात ॲक्सेप्ट.

आणि प्रोजेक्ट काय द्यायचे असं विचाराल तर माझ्याकडे हव्या तेवढ्या कल्पना आहेत. परसात पिकलेलं केळं बाटलीत टांगलं की एकट्या मेलॅनोगॅस्टर येत नाहीत, ॲनानॅसी येते, पाठीवर पांढऱ्या रेघा असलेली झॅप्रिओनस येते, जी मुळात भारतातूनच नोंदवली गेली म्हणून तिच्या नावात इंडियानस आहे. यातली कुठली जात आमच्या मे महिन्यात टिकते, कुठली मरते, टिकणारीच्या लाळग्रंथीत पफ किती तापमानाला येतो, मरणारीच्या किती? तुमच्याकडे थंड खोली नसेल तर उन्हालाच कामाला लावा. हा प्रश्न विचारायला नागपूर-चंद्रपूरपेक्षा चांगली जागा नाही.

पावसाळ्यात माझ्याकडे स्टॉक बरा असतो. व्हाइट, व्हेस्टिजियल, काळ्या अंगाची एबनी, साध्या जंगली. ज्या विभागाला सुरू करायचंय त्यांनी सप्टेंबरमध्ये माणूस पाठवा, मी देईन, मीडियमची रेसिपी आणि गुळाच्या बिलावर कसला खुलासा लिहायचा तेही देईन. येताना रिकाम्या व्हायल्स आणि कापूस तेवढा घेऊन यावा, आमच्याकडे कमी आहे.

आपली नम्र,
झूलॉजीची एक प्राध्यापिका, विदर्भ